क्रेनला टांगलेला हार

ज्याच्या गळ्यात फास घालावा असं रंगुबाईला रोज सकाळी उठल्या उठल्या वाटायचं, त्याच्याच गळ्यात घालायच्या हाराची ऑर्डर तिच्या दारात आली. ऑर्डर द्यायला तो स्वतः आला. गाडी बांधावर उभी करून, पांढऱ्या बुटांना चिखल लागू नये म्हणून टणाटण उड्या मारत सत्यजीत झेंडूच्या सरीतून आला आणि म्हणाला, “रंगूकाकू, मानाचा हार तुमच्याच घरचा. ती रीत आपल्याला मोडायची न्हाई.”

रंगुबाई फुलं तोडत होती. तिने पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि हसून विचारलं, “केवढा करू?”

“क्रेननं उचलायचा हाय. शिरूरला मागं कुणाचा तरी झाला व्हता ना, त्याच्याहून मोठा पायजे.”

“करते की. तुमच्या मापाचाच करते, दादा.”

सत्यजीत खूश होऊन गेला. बाईने झालं गेलं गंगेला मिळालं असं धरलेलं दिसतंय, अशी त्याची समजूत झाली असणार. माणूस एकदा माजला की समोरचा हसतोय का दात दाखवतोय, यातला फरक त्याला कळत नाही.

निमोणे गावची रीतच तशी होती. सत्कार कुणाचाही असो, पहिला हार रंगुबाईच्या नवऱ्याच्या, रोहिदास माळ्याच्या घरचा. रोहिदासच्या आज्यापासून चालत आलेला हा मान. बाकीचे बुके, शाली, नारळ त्याच्यामागून. कुणी पहिला हार बाहेरून आणला, तर तो गावाला मानत नाही असा अर्थ निघायचा, आणि हा अर्थ लोक पुढच्या मतदानापर्यंत नीट जपून ठेवायचे. बागायतदार सर्जेरावांचा हा सत्यजीत नुकताच गावच्या पतसंस्थेचा चेअरमन झाला होता आणि त्याची नजर आणखी वर होती. त्यामुळे रोहिदासच्या बायकोकडे जाणं त्याला भागच होतं. शिवाय हार त्या घरचा आला म्हणजे त्या घरची तक्रार मिटली, असं सगळ्या गावाला आपोआप दिसणार होतं. एका दगडात दोन पक्षी मारायला निघाला होता गडी.

आता ती तक्रार काय, ते सांगितलं पाहिजे.

रंगुबाईची लेक सृष्टी बीएस्सी झाली आणि कारेगावच्या बाजूला एका कंपनीत कामाला लागली. सत्यजीतचा धंदा कंपन्यांना माणसं पुरवायचा. त्यानेच तिला चिकटवलं. “काकू, काळजी करू नका, पोरगी मला बहिणीसारखी हाय,” असं त्याने याच अंगणात बसून, हिच्याच हातचा चहा पीत सांगितलं होतं. खऱ्या भावाला ‘सारखी’ हा शब्द लागत नाही. पण हे शहाणपण रंगुबाईला उशिरा सुचलं.

आधी मेसेज आले. मग पर्मनंट करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. मग एके दिवशी रूमवर सोडतो म्हणून त्याने तिला गाडीत घेतलं, गाडी भलत्याच रस्त्याला घातली आणि दारं लॉक करून तिच्या अंगाला हात घातला. सृष्टी त्याला चावली, तिने त्याला ओरबाडलं, आणि ती काच खाली करून एवढ्या जोरात किंचाळली की त्याला दार उघडावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिने कंपनीत तक्रार दिली. तिच्या रूमवर राहणारी प्रांजल आणि आणखी एक मुलगी म्हणाल्या, आमच्याशी पण त्याने हेच केलंय, आम्ही सांगतो. प्रत्यक्षात कमिटीपुढे बोलवलं तेव्हा दोघी आपल्या चपलांकडे बघत बसल्या. त्यांच्याही नोकऱ्या सत्यजीतच्याच हातात होत्या.

कमिटीवर एक मोठ्या मॅडम होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि शेजारच्या साहेबांना म्हणाल्या, “धिस गर्ल इज क्रायिंग वुल्फ.” समोरची पोर शेतकऱ्याची, तिला काय कळतंय, असा हिशेब होता. सृष्टीला सगळं कळलं. ती खोटी आरोळी ठोकते आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. महिना संपायच्या आत तिचं काँट्रॅक्ट संपलं.

एवढ्यावर थांबला असता तर तो सत्यजीत कसला! मॅडमचं ते वाक्य त्याने गावात आणलं, पारावर बसून सगळ्यांना त्याचा अर्थ सांगितला, आणि तेव्हापासून सृष्टी किराणा दुकानापर्यंत जरी निघाली तरी पारावरची टवाळ पोरं ओरडायला लागली, “लांडगा आला रे आला!” ठरत आलेली सोयरीक फिरली. सृष्टीने घराबाहेर पाय टाकणं सोडलं. जी पोरगी स्कूटीवर केस उडवत शिरूरला जाऊन यायची, ती आता परसातल्या नळावर जातानासुद्धा तोंडाला स्कार्फ बांधायची. रंगुबाईच्या काळजात कुणीतरी इंगळ ठेवला होता आणि तो काही विझत नव्हता.

रोहिदास स्वभावाने गाय. तो म्हणायचा, “अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. गप ऱ्हा.”

“मूठ त्याची झाकली जातीया,” रंगुबाई म्हणायची, “आन् सव्वा लाख बी त्यालाच मिळत्यात. आपल्याला काय मिळालं?”

यावर रोहिदास उठून विहिरीवरची मोटार चालू करायला जायचा.

सत्यजीत ऑर्डर देऊन गेला त्या दिवशी, दिवेलागणीला, भिमाजीआबा चहाला आला. भिमाजी नदीपलीकडचा, दौंडच्या माळावरचा धनगर. दर साली रंगुबाईचं रान मोकळं झालं की त्याच्या मेंढ्या तिथे बसायच्या. रानाला खत मिळायचं, भिमाजीला ज्वारी आणि दोन वेळचा चहा. इतक्या वर्षांत तो घरातलाच झाला होता. सृष्टी त्याच्यासमोर तेवढा स्कार्फ काढायची.

ती ओट्यावर मोबाइल घेऊन बसली होती.

“काय वाचतीस गं येवढं?” रंगुबाईने विचारलं.

“वुल्फ,” सृष्टी म्हणाली. “डिक्शनरीत बघते. शाळेत आपल्याला एकच शिकवलं, वुल्फ म्हणजे लांडगा. हितं बघ किती दिल्यात. हावरटासारखं गपागपा गिळणं म्हणजे पण वुल्फ. जो एकटा फिरतो, कुणाचं ऐकत नाही, तो लोन वुल्फ. घरात चूल पेटती ठेवायची तर म्हणायचं, वुल्फला दारापासनं लांब ठेवलं. मेंढीचं कातडं पांघरलेला, गोड बोलून गळा कापणारा, तो पण वुल्फच.” ती थांबली. “आन् बायांच्या मागं लागणारा पुरुष. त्याला पण वुल्फच म्हणतात. हे त्याच डिक्शनरीत आहे आई, खोट्या आरोळीच्या वर. मॅडमनी वरचं सोडलं आणि खालचं उचललं.”

भिमाजीने बशीतला चहा फुंकला. “सायबाच्या भाषेत समदी घाण लांडग्याच्याच अंगाला पुसलीया म्हणायची.”

“तुमचं बरं हाय, आबा,” रंगुबाई म्हणाली. “तुमची मेंढरं खातो तो, आन् तुम्हीच त्याची बाजू घेता.”

“खातो, व्हय. भूक लागली की येतो, एक कोकरू उचलतो, पोट भरलं की जातो. माझा बाप म्हणायचा, त्यो त्याचा वाटा. ह्या सर्जेरावाच्या पोराला कशाची भूक हाय? बाप बागायतदार, घरात समदं. ह्यो भरल्या पोटी शिकार करतोय. असलं जनावर म्या माळावर कवा पायलं न्हाई.”

मग तो सृष्टीकडे वळला. “पोरी, आमच्यात एक रीत हाय. लांडग्याची हाळी कुणी बी देऊ दे, बाई असू दे न्हाईतर बारकं प्वार, ऐकनाऱ्यानं आधी पळायचं. आन् पळता पळता येकच इचारायचं, ‘कुठं?’ हाळी देनाऱ्यानं बोट दाखवायचं. बास. बोट दाखवलं की हाळी खरी. मागनं लांडगा घावू दे न घावू दे, त्या मानसाला कुनी खोटं म्हनत न्हाई. तू हाळी दिलीस. तुला कुनी इचारलं का, कुठं म्हनून?”

सृष्टीच्या हातातला मोबाइल विझला. “न्हाई, आबा,” ती म्हणाली. “त्यांनी विचारलं, पुरावा काय.”

रंगुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं कमी आणि रागाचं जास्त होतं. तिने नाक शिंकरलं, लेकीपुढे येऊन उकिडवी बसली आणि अंगणातल्या धुळीवरून हात फिरवून जागा सारखी केली.

“ते वुल्फ इंग्रजीत कसं लिवायचं?” ती म्हणाली. “मोठं काढून दाखव.”

सृष्टीने बोटाने धुळीत चार अक्षरं काढली. एक नागमोडी, एक गोल, एक काटकोन आणि एक कोयतीसारखं.

“चारच?”

“चारच.”

“सोपं हाय,” रंगुबाई म्हणाली, आणि भाकरी थापायला उठली.

रंगुबाई चौथी शिकलेली. पण फुलात तिचा हात असा होता की एकदा बघितलेलं काहीही ती ओवून दाखवायची. गणपती, कमळ, पक्षाची चिन्हं, कुणाकुणाची नावं, सगळं तिने हारात काढलं होतं. मराठीत ‘लांडगा’ लिहायचं तिच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण हार ओवायला वस्तीवरच्या बायका येणार, त्यांतल्या निम्म्याजणी मराठी वाचणाऱ्या, आणि बाईच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सर्जेरावाच्या ओट्यावर पोचणार. इंग्रजी मात्र त्यांच्यातल्या एकीलाही येत नव्हतं. साहेबाच्या भाषेत लेकीला खोटं ठरवलं होतं, तर आता साहेबाच्याच भाषेत वाजवू, असा तिने बेत केला.

सत्काराच्या दिवशी उजाडल्यापासून अंगणात ताडपत्री अंथरून बायका बसल्या. झेंडूच्या राशी पडल्या. केशरी फुलं दोराभोवती गुंडाळत गुंडाळत दोन फाटे तयार झाले, माणसाच्या मांडीएवढे जाड. ते वरती एकत्र बांधायचे आणि खाली पुन्हा जुळवून मोठा गोंडा लावायचा. रंगुबाई स्वतः एका बाजूला बसून पांढऱ्या शेवंतीचे वेगळे तुकडे करत होती.

अनसाबाईने मान वाकडी करून बघितलं. ही अनसाबाई म्हणजे वस्तीवरची सगळ्यात जुनी ओवणारी. तिची सून अंजना सर्जेरावाच्या मळ्यात खुरपायला जायची, ती आज सत्काराच्या मांडवाच्या कामाला गेली होती.

“रंगे, ही कसली गं नक्षी? एक वाकडी, एक गोल.”

“नव्या फॅशनची हाय.”

“वाकडीच दिसतीया पर.”

“ज्याला घालायची त्यो कुठं सरळ हाय?” रंगुबाई म्हणाली, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

तुकडे दोन्ही फाट्यांवर बसले. पहिल्या अक्षराखाली दुसरं, दुसऱ्याखाली तिसरं, तिसऱ्याखाली चौथं, नेमक्या अंतरावर. एकच धोका होता. हार उलट्या टोकाने उचलला तर ते पहिलं नागमोडी अक्षर उलटं होऊन दुसरंच काहीतरी झालं असतं आणि सगळा डाव फसला असता. म्हणून वरच्या टोकाला तिने आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी घट्ट बांधली. मग शेवंती खाली आणि झेंडूची पाठ वर अशा बेताने हार पालथा केला, आणि फुलं कोमेजू नयेत म्हणून त्यावर ओली पोती टाकली. दुपारी सत्यजीतचा माणूस हार बघायला आला. पोती उचलायचे कष्ट काही त्याने घेतले नाहीत. पोत्यांची लांबी बघून तो “लय भारी” म्हणाला आणि गेला.

टेम्पोत हार चढवत असताना सृष्टी दारात येऊन उभी राहिली. हार उचलताना एक पोतं घसरलं आणि खालची पांढरी अक्षरं तिला दिसली. तिचा चेहरा फुलांपेक्षा पांढरा झाला.

ती आईला बाजूला घेऊन म्हणाली, “आई, तुझ्यावर केस करतील ते लोक.”

“करू देत की. तवा बी कमिटीच बसंल न्हवं? मी सांगन, म्या चौथी शिकलेली बाई. म्या नुसती फुलं ओवली, वाचलं तुम्हीच.”

“बाबांना कळलं तर?”

“तुज्या बापाला मोटारीजवळ पाठवलंय.” रंगुबाईने लेकीची हनुवटी धरली. “सृष्टे, म्या त्याला सोडनार न्हाई. मला तुरुंगात घातलं तरी चालंल. पर तू घरात बसनार आन् म्या काय एकटीनंच बघायचं? तू येतीस का?”

सृष्टीने हनुवटी सोडवून घेतली आणि स्कार्फ तोंडाला बांधला. टेम्पो निघाला तेव्हा रंगुबाईने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर आपण रडू, हे तिला माहीत होतं.

शाळेपुढच्या मैदानात स्टेज घातलं होतं. डीजे छाती फोडत होता. दोन बाजूंना दोन जेसीबी, त्यांच्या बकेटांत गच्च भरलेल्या पाकळ्या. मधोमध पिवळी क्रेन. गर्दी कमी पडू नये म्हणून सत्यजीतने कारेगावहून आपल्या काँट्रॅक्टवरच्या पोरी बस भरून आणल्या होत्या आणि सगळ्यांना एकसारखे गुलाबी फेटे बांधले होते. सुट्टी हवी तर सत्काराला चला, अशी अट होती म्हणे. पुढच्याच रांगेत प्रांजल बसली होती. स्टेजवर सर्जेराव मिशांना पीळ देत खुर्चीत बसले होते, आणि त्यांची बायको साखरबाई औक्षणाची थाळी घेऊन उभी होती. लेकाचं कौतुक तिच्या तोंडावर मावत नव्हतं. तिच्याकडे बघून रंगुबाईच्या मनात क्षणभर कालवाकालव झाली. साखरबाई तिला कधी वाकडा शब्द बोलली नव्हती. पण मग तिला परसातल्या नळावर स्कार्फ बांधून उभी असलेली आपली पोर दिसली आणि तिने मन घट्ट केलं.

क्रेनवाला बिहारचा होता. त्याच्या हेल्परने नेमकं गोंड्याचंच टोक उचललं आणि हुकाकडे नेलं.

रंगुबाईने पुढे होऊन त्याच्या हातावर फटका मारला. “ए बाबा, वो नहीं! लाल कपडा ऊपर!”

“अरे, गुस्सा काहे होती हो, माताजी,” वरून क्रेनवाला हसला. “लाल ऊपर, लाल ऊपर.”

हुक लागला. निवेदकाने माइकवर आवाज चढवला, “आता आपल्या लाडक्या चेअरमन साहेबांना, निमोण्याचा मानाचा हार!” सत्यजीत स्टेजवरून उतरून क्रेनखाली येऊन उभा राहिला. गर्दीकडे तोंड, हात जोडलेले, मान जराशी कलती. ही पोझ त्याने आरशापुढे घोटलेली असणार. क्रेन घरघरली आणि हार त्याच्या पाठीमागून वर वर जायला लागला. दोन्ही फाटे सुटे झाले, गर्रकन फिरले आणि गर्दीकडे तोंड करून थांबले.

सगळ्यात आधी शाळेतल्या पोरांनी वाचलं. पोरांना अक्षर दिसलं की ओरडल्याशिवाय राहवत नाही.

“डब्ल्यू!” एक जण ओरडला.

“ओ! एल! एफ!” बाकीच्यांनी साथ दिली.

निवेदक हुशार. काही कळलं नाही तरी बोलत राहायचं, हा त्याचा धंदा. “चेअरमन साहेबांच्या कार्याचा गौरव करणारी ही चार सोनेरी अक्षरं,” तो म्हणाला, “डब्ल्यू म्हणजे...” आणि तिथे त्याची गाडी अडली.

“वुल्फ!” पोरं एका सुरात ओरडली. “वुल्फ म्हंजी लांडगा!”

डीजेवाल्याने काय समजून कोण जाणे, गाणं बंद केलं. मैदानभर मोबाइल वर झाले. सत्यजीत अजून हात जोडून हसतच होता. सगळ्या गावाने वाचलेलं त्याच्या एकट्याच्या पाठीमागे होतं. पण पोरांनी म्हटलेला शब्द त्याच्या कानात शिरला होता आणि हसू ओठांवरच वाळायला लागलं होतं.

त्या शांततेत मैदानाच्या कडेवरून आवाज आला. “कुठं?”

भिमाजी काठी टेकून उभा होता, खांद्यावर घोंगडी. तो हसत नव्हता आणि चिडलेलाही नव्हता. माळावर विचारावं तसं त्याने विचारलं होतं.

रंगुबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात टेम्पोच्या मागून कुणीतरी पुढे आलं. तोंडाला स्कार्फ बांधलेली मुलगी. तिने स्कार्फ सोडला, हाताला गुंडाळला आणि तोच हात सरळ वर केला.

“ह्यो काय, आबा,” सृष्टी म्हणाली. “हितं.”

तिचं बोट सत्यजीतच्या छातीवर रोखलेलं होतं. हात खाली येत नव्हता. पारावरची पोरं तिथेच होती. आज त्यांनी माना खाली घातल्या.

“गप ए!” सत्यजीत ओरडला. “खोटारडी हाय ती! कंपनीनं सुद्धा...”

पुढच्या रांगेत एक गुलाबी फेटा उठला. प्रांजलने तो डोक्यावरून काढून खुर्चीवर टाकला. या वेळी ती चपलांकडे बघत नव्हती. तिने बोट वर केलं. तिच्या मागे दुसरी उठली. मग तिच्या शेजारची. काही पोरी बसूनच राहिल्या, पण त्यांनी फेट्याखाली तोंडं लपवली होती आणि त्या रडत होत्या. तेवढ्यात मांडवाच्या खांबाशी, झाडू हातात धरलेल्या अंजनाचंही बोट वर गेलं. अनसाबाई रंगुबाईशेजारीच उभी होती. तिने आपल्या सुनेकडे बघितलं, मग हारातल्या त्या वाकड्या नक्षीकडे बघितलं, आणि तिच्या तोंडून नुसतं “अगं आई” एवढंच निघालं.

आता सत्यजीत मागे वळला. मान वर करून त्याने पांढरी अक्षरं वाचली, दोन्ही फाट्यांवर, वरून खाली. “खाली घ्या!” तो दोन्ही हात हलवत किंचाळला. “खाली घ्या ते आधी!” हात हललेले बघून जेसीबीवाल्यांना वाटलं आपल्यालाच इशारा झाला. दोन्ही बकेटी एकदम कलंडल्या आणि मणभर पाकळ्या धबाधबा त्याच्या अंगावर कोसळल्या. नाकातोंडात झेंडू गेलेला तो चेअरमन थुंकत, खोकत गुडघाभर फुलांत उभा राहिला. मोबाइलवाल्यांनी तेही घेतलं.

सर्जेराव खुर्चीतून उठले. “रोहिदासची बायकू कुठं हाय?” ते गरजले. “बघतोच तिला!”

“हितं हाय, आप्पा,” रंगुबाई म्हणाली आणि चार पावलं पुढे गेली. इतके महिने तिने मनात घोकलेल्या शिव्या, शाप, तळतळाट सगळं ओठांशी आलं होतं. पण तिला काहीच बोलावं लागलं नाही. साखरबाई थाळी घेऊन स्टेजच्या पायऱ्या उतरत होती आणि गर्दी तिला वाट करून देत होती.

औक्षणाला निघालेली ती बाई लेकापुढे येऊन थांबली. सत्यजीतने तोंडावरच्या पाकळ्या पुसल्या. “आई, तू तरी सांग ह्यास्नी,” तो म्हणाला.

साखरबाईने हाराकडे पाहिलं. मग सृष्टीकडे, प्रांजलकडे, रोज आपल्या मळ्यात खुरपणाऱ्या अंजनाकडे पाहिलं. कुणाचंच बोट खाली आलं नव्हतं.

“मला इंग्रजी येत न्हाई,” ती म्हणाली. “पर बोटं कुनाकडं हायती, ते कळतं.”

तिने दोन बोटांच्या चिमटीत निरांजनाची वात विझवली, थाळी लेकाच्या पायाशी पाकळ्यांत ठेवली आणि पदर तोंडावर ओढून घराच्या वाटेला लागली. सर्जेरावांनी तिला हाक मारली. ती थांबली नाही. मग तेही खुर्चीत मटकन खाली बसले.

रंगुबाईने सृष्टीचा तो हात खाली घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. तो बर्फासारखा गार होता. तिने तो चोळून चोळून गरम केला. डोक्यावर, सगळ्या मैदानाला दिसेल असा, हार संथपणे हलत होता.

क्रेनवाला केबिनमधून वाकला. काय झालंय ते त्याला नीटसं कळलं नव्हतं. “माताजी,” त्याने विचारलं, “हार नीचे उतार दूँ?”

“नहीं,” रंगुबाई म्हणाली. “सुकने तक वहींच रहने दे.”